डावा हात खिशात

मार्च संपत आलेला, भिलाईचं ऊन संध्याकाळीही भिंतींतून बाहेर येत असलेलं, चर्च माणसांनी गच्च भरलेलं, आणि नेमके तेव्हाच सगळे पंखे बंद करणारा माणूस लोकांना आवडायचं खरं तर काही कारण नाही. सामूकाका तरीही आवडायचे. कॉयर उभा राहिला की ते स्वतः दारापाशी जात, एकेक करून सगळी बटणं बंद करत, आणि पंख्यांची घरघर पूर्ण थांबेपर्यंत तिथेच उभे राहत. "पंखा बी गाते," ते म्हणत, "अन् साला बेसूर गाते." चर्चमध्ये 'साला' म्हणू नये असं पाद्रीसाहेबांनी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. ते मान हलवत आणि पुढच्या रविवारी पुन्हा म्हणत.

त्यांचं पूर्ण नाव सॅम्युअल बोरकर. वडील नागपूरकडून रेल्वेत लागून आलेले, त्यामुळे काका भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढले आणि पुढे चरोद्यातच लहानसं घर बांधून राहिले. ख्रिस्ती कुटुंब. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, गाण्यात इंग्रजी. आम्ही कटरे, गोंदियाकडचे, शेतकऱ्याच्या घरातले हिंदू. पण मी त्या चर्चला 'आमचं' म्हणते ते चुकून नाही. त्याच्या कॉयरमध्ये माझे बाबा शेवटच्या रांगेत उभे राहून खर्जात, म्हणजे बेसमध्ये, गायचे आणि मी बाजूला बसून कीबोर्ड वाजवायची. आम्हा दोघांना तिथे नेलं ते काकांनीच.

काका आणि बाबा एकाच कारखान्यात होते. मोठा प्लांट नव्हे, औद्योगिक भागातली एक खाजगी शेड. तिथे लोखंडी गर्डर जोडायचे. ती आता बंद पडली, नाव सांगून काही उपयोग नाही. बाबा छताखाली धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसत आणि काका खाली जमिनीवर. ओझ्याला साखळी लावायची आणि वरच्या माणसाला हातानं इशारे करायचे, हे त्यांचं काम. शेडमध्ये आवाज एवढा की बोलून काही उपयोग नसे. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. पंजा खाली दाबला की उतरव. चिमूट केली की अगदी हळू. आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले की आहे तिथे थांब. हा शेवटचा इशारा कोणीही करावा, झाडूवाल्यानं केला तरी क्रेन थांबलीच पाहिजे, असा नियम. बाकी सगळं एका हातानं भागतं, थांबवायला मात्र दोन्ही लागतात.

काका कॉयर चालवायचे तेही याच इशाऱ्यांनी. चार आवाजांची स्तोत्रं ते वडिलांकडून शिकलेले होते, पण हात शेडमध्ये तयार झालेले. पुरुषांच्या रांगेतले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या शेडखाली आयुष्य काढलेले, त्यांना वेगळं शिकवावंच लागलं नाही. बायकांना, म्हणजे नर्सेस आणि शाळेतल्या मॅडम लोकांना, जरा वेळ लागला. एखादा सूर उगाच ताणून धरला की काका ओरडत, "लटकवून नोका ठेवू, खाली माणसं हायेत!" हळू गायची जागा आली की चिमूट करून, डोळे बारीक करून म्हणत, "माल काचेचा हाय." मल्याळी नर्सेसना यातलं एक अक्षर कळत नसे, पण चिमूट कळायची.

उजव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नसे. ती शेडची देणगी. म्हणून खर्जातले लोक ते स्वतःच्या डाव्या बाजूला उभे करत. उजवीकडून कुणी काही बोललं तर ते नुसते गोड हसत. पुष्कळ लोकांना ते फार सालस वाटायचे, त्याचं अर्धं श्रेय या कानाला द्यायला हवं. सूर द्यायला त्यांच्याकडे लोखंडाचा एक तुकडा होता. सुशील, म्हणजे त्यांचा मुलगा, कीबोर्डवर एकच पट्टी दाबून बसलेला आणि काका कानशीनं तो तुकडा घासतायत, असं बरेच रविवार चाललं होतं. शेवटी तो सुरात आला. सुतळीला बांधून पान्यानं टोला दिला की सगळा कॉयर 'आ' करून उभा.

बाबा कॉयरमध्ये कसे गेले ते आमच्या घरी नेहमी सांगितलं जायचं. जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद झाली की बाबा वरच केबिनमध्ये डबा खात आणि खात खात भजन म्हणत. खालून काकांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्कूटरवरून आमच्या घरी हजर. आई तेव्हा दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"भाऊजी, सरळ विचारतो," आई म्हणाली, "यायले बाटवान तर नाही ना?"

आमच्याकडे बायकासुद्धा 'जातो, येतो' म्हणतात. काकांनी पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. "वहिनी, मले फक्त याचा आवाज पाहिजे. बाकीचा माणूस तुम्हीच ठेवा."

आई हसली आणि चहा टाकायला आत गेली. पुढे बरीच वर्षं दर डिसेंबरात केक आणि दर दिवाळीत चिवडा, अशी देवाणघेवाण चालली. काकू सुशील लहान असतानाच गेलेल्या, मुलगी शीला लग्न होऊन नागपूरला. घरी दोघंच, बापलेक. म्हणून आई चिवड्याबरोबर शेव, अनारसे, काय काय भरून द्यायची.

सुशीलनं मला कीबोर्ड शिकवला. त्याचा आवाज टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा, चढत जाणारा आणि स्वच्छ. कॉयरमध्ये एक जुनं लॅटिन स्तोत्र होतं. त्यात चारही आवाज एकमेकांच्या खांद्यावर पाय ठेवत चढत जातात आणि अगदी वर पोचल्यावर टेनर एकटाच पुढे निघतो. तिथे काका बोट वर करून गोल गोल फिरवत राहत आणि सुशील गात सुटे. त्या वेळी काकांचा चेहरा बघायला मी कीबोर्डवरची नजर काढायची. बापाला मुलाचा एवढा अभिमान वाटतो, हे मी त्या चेहऱ्यावर पाहिलं. तेव्हा ते दोन्ही हातांनी कॉयर चालवत. डावा खर्जाला, उजवा बायकांना.

सुशील बी.कॉम. झाला, वर्षभर सिविक सेंटरमधल्या एका दुकानात बसला आणि शेवटी ठेकेदाराचा माणूस म्हणून बापाच्याच शेडमध्ये लागला. काकांना ते आवडलं नव्हतं. "डोयासमोर तं राह्यते," असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

डोळ्यासमोरच झालं ते. एक गर्डर क्रेननं आडवा नेत होते, सुशील दोरी धरून त्याचं टोक सांभाळत चालला होता. त्याचा पाय खालच्या लोखंडात अडकला. मागे रचलेली थप्पी, पुढून येणारा गर्डर. क्रेन थांबली, पण थांबायच्या आत व्हायचं ते झालं.

चौकशी झाली. चौकशीत एकच प्रश्न महत्त्वाचा होता, थांबायचा इशारा झाला होता की नाही. झाला असेल तर चूक क्रेनवाल्याची. झाला नसेल तर इशारा करणाऱ्याची, म्हणजे बापाची. बाबांनी सांगितलं, "इशारा झालाच नाही. मी खालीच बघत होतो, मला हात दिसले नाहीत." मग काकांना विचारलं. काकांनी आधी नाम्याकडे, म्हणजे बाबांकडे पाहिलं, असं तिथे असलेल्यांनी नंतर सांगितलं. मग म्हणाले, "मले वाटते, केले होते. पण नाम्या खोटं बोलत नाही. तो म्हणते तं नसन केले."

कागदावर तसंच लिहिलं गेलं. काकांची नोकरी गेली. मुलगा त्यांच्याच चुकीनं मेला, असं चरोद्यात आणि चर्चमध्ये हळूहळू सगळ्यांना माहीत झालं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण माहीत झालं.

मला वाटलं होतं, काका आता आमच्या घराची पायरी चढणार नाहीत. ते महिन्याभरानं आले. बाबा त्यांची स्कूटर ओळखून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. काकांनी आईच्या हातचा चहा घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायला, आणि न्हाणीघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "नाम्या, बेस कमी पडून राहिला बे. रविवारी येजो."

आतून नळाचाच आवाज येत राहिला. पण रविवारी बाबा गेले. त्यानंतर एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. बाबांना तिथे उभं राहायला किती जड जात असेल याचा मी तेव्हा विचार करायची आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा. मित्राच्या चुकीनं एवढं घडूनही हा माणूस मित्राला सोडत नाही, असं मला वाटे.

सामूकाकांचा डावा हात त्या दिवसांपासून खिशात गेला. लोकांना वाटलं, लकवा मारला असेल. लिसी नावाची एक नर्स त्यांना डॉक्टरकडे न्यायला निघाली, तेव्हा त्यांनी हात बाहेर काढून तिला पाचही बोटं हलवून दाखवली आणि परत खिशात घातला. कॉयर आता एकाच हातानं चालायचा. उजवा हातच खर्जाला आणि बायकांनाही. तो हात दमायचा, पण डावा कधी मदतीला आला नाही. नवीन येणाऱ्यांना ती त्यांची ऐट वाटायची. लॅटिन स्तोत्र मात्र बासनात गेलं. कोणी नाव काढलं तर काका ऐकू न येणारा कान पुढे करत.

मला एकदाच ते बोलले. सराव संपवून मी कीबोर्डवर कापड घालत होते. ते पहिल्या बाकावर बसून तो लोखंडी तुकडा रुमालानं पुसत होते.

"वैशाली, एखादी गोष्ट आपण केली का नाही, हे माणसाले समजत नाही, असं होते का व?"

"कोणती गोष्ट, काका?"

"मले दोन्ही दिसते. डोये बंद केले का दिसते, हात पसरले होते. असे. खांदे दुखून राहिले एवढे जोरात. मंग थोड्या वेळानं दिसते, का नुसता पाहून राहिलो होतो. पोट्ट्याकडे पाहत राहिलो अन् हात खालीच." त्यांनी तुकडा रुमालात गुंडाळला. "मरण तं आलं, ते काही परत जात नाही. पण मले एवढंच समजाले पाहिजे होतं. केले होते का नव्हते."

मी म्हटलं, "बाबाले विचारा न मंग एकदा."

"विचारलं तं साहेबानं. सांगितलं त्यानं." ते उठले. "पुन्हा विचारणं म्हणजे तुह्या बापाले खोटा म्हणणं होये. असं नाही करत कोणी."

असा हा माणूस. ज्याच्या शब्दानं आपण मुलाचे मारेकरी ठरलो, त्याचा शब्द खोटा असेल हे त्याच्या मनाला शिवत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा, इतका भाबडेपणा कशाला म्हणून. तो राग चुकीच्या माणसावर होता हे मला पुढे कळलं.

मग त्यांचे गुडघे गेले. हृदयाचंही काही निघालं. शीलाताई नागपूरहून येऊन म्हणाली, आता एकटं ठेवणार नाही. चर्चनं रायपूरहून एक तरुण, शिकलेला संचालक ठरवला. काकांचा शेवटचा कार्यक्रम ईस्टरच्या आधी, उपवासाच्या दिवसांतल्या एका रविवारी संध्याकाळी ठरला. आधी स्तोत्रं, मध्ये इंग्रजी गाणी, शेवटी पुन्हा एक स्तोत्र. शेवटी कोणतं, हे काकांनी सरावाच्या वेळी तुकड्यावर टोला देतादेताच सांगून टाकलं. सुशीलचं लॅटिन. टेनरचा एकट्याचा भाग कुणी गायचा नाही, तो वैशाली कीबोर्डवर वाजवेल.

बाबांनी घरी आल्यावर जेवण केलं नाही. पोट बरं नाही म्हणाले.

त्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. वेदीवर जांभळं कापड. कॉयरमधले पुरुष पांढरे शर्ट आणि काळ्या पँटमध्ये, बाबांची पँट नवीन, टाचेखाली येणारी. आई तिसऱ्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. काकांनी पंखे बंद केले आणि लोकांनी सवयीनं कागद हलवायला सुरुवात केली.

कार्यक्रम चांगला झाला. इंग्रजी गाणी मला आत्ताही आठवतात. एक समुद्रावर गेलेल्या आणि न परतलेल्या खलाशाचं होतं, एक कापणीच्या दिवसांचं. आमच्या खर्जातले निम्मे लोक इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून गात, आणि खलाशाच्या गाण्यात पुढच्या बाकावरची एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई चष्मा काढून डोळे पुसत होती. काका घामानं भिजले होते. डावा हात खिशात, तिथलं कापड ओलं होऊन काळं दिसत होतं.

मग शेवटचं स्तोत्र. काकांचं बोट वर गेलं, गोल फिरायला लागलं. आवाज चढले. खर्ज, त्यावर टेनर, त्यावर बायकांचा आल्टो, त्यावर सोप्रानो. मी कीबोर्डपाशी बाजूला बसत असे, त्यामुळे मला काकाही दिसत आणि पुरुषांची रांगही. अगदी वरच्या सुराला पोचता पोचता मला दिसलं की काका कुठल्याच आवाजाकडे बघत नाहीत. ते फक्त शेवटच्या रांगेत, बाबांकडे बघतायत.

त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला. आणि त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले.

पुरुषांची सगळी रांग जागच्या जागी थांबली. एकानंही विचार केला नाही. इतक्या वर्षांची अंगात भिनलेली सवय, गाणं असो की गर्डर. बायका आणखी दोन-तीन सूर गात राहिल्या, मग गोंधळून एकेक करून गप्प झाल्या. माझे हात पट्ट्यांवरच थांबले. सगळ्यांच्या आधी थांबले ते बाबा. नुसते थांबले नाहीत, त्यांचा उजवा हात सटकन पुढे गेला आणि केबिनमधला दांडा मागे ओढावा तसा पोटाशी आला. हातात काहीच नव्हतं, पण मूठ घट्ट वळलेली होती.

चर्चमध्ये कागद हलायचे थांबले. लोकांना वाटलं, स्तोत्रातच तसं असेल. काका बाबांच्या त्या मुठीकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात परत खिशात घातला, उजव्या हाताचं बोट वर केलं, आणि हळूहळू गोल फिरवलं. मी टेनरचा भाग वाजवायला लागले. तो नीट वाजला की नाही, मला सांगता येणार नाही. पुढे सगळे आवाज येऊन मिळाले आणि स्तोत्र संपलं. टाळ्या फार वेळ वाजल्या.

लोक गेल्यावर आम्ही आवराआवर करत होतो. बाबा खुर्च्या एकावर एक ठेवत होते, आमच्यापासून फार लांब नव्हते. काका माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा शांत होता, आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

"पाह्यलं व? नाम्या सगळ्याइच्या आधी थांबला."

"हो, काका."

"एवढा म्हतारा झाला, तरी दिसलं का हात चालते त्याचा. मले हेच पाह्याचं होतं." ते पहिल्या बाकावर बसले. "म्हणजे त्या दिवशी दिसले असते तं थांबलाच असता. म्हणजे हात केलेच नव्हते म्या. पोट्ट्याले पाहतच राह्यलो." त्यांनी मान हलवली. "चाल, समजलं एकदाचं."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांच्या हातात दोन खुर्च्या होत्या. त्यांनी त्या खाली ठेवल्या नाहीत, तशाच घेऊन बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. चहाचा कप शेजारी, साय आलेली. मी शाळेत शिकवायला निघाले होते.

"केले होते त्यानं हात," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"दोन्ही केले होते. चांगले पसरून. दिसले मले. डबल ड्यूटी होती माही, आदल्या दिवसापासून वरतीच होतो. डोये उघडे होते, पोरी, पण हात उठलाच नाही. उठला तवा टाइम गेला होता." ते अंगणातल्या नळाकडे बघत बोलत होते. "ठेकेदार म्हणे, इशारा झाला म्हणशीन तं जेलात जाशीन, पोट्टीचं कॉलेज हाय. म्हणून म्हटलं, नाही झाला."

स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. तिला हे माहीत होतं हे मला त्यावरून कळलं.

मला बाबांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. जन्मात कधी वाटलं नव्हतं असं. त्यांच्या खोटेपणावर एका माणसानं आपल्या मुलाचं मरण स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि काल तर त्यानं त्याचा पुरावाही शोधून काढला, तोही उलटा. मी फक्त एवढंच म्हटलं, "त्याईले जाऊन सांगा."

"जातो," बाबा म्हणाले. त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी स्वतः सांगायला निघाले तर आईनं माझा हात धरला. "तू नोको. त्यानंच सांगाले पाहिजे, नाही तं काही अर्थ नाही." आईशी त्या आठवड्यात मी धड बोलले नाही, पण तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते. काका पुढे पावसाळ्यात नागपूरला वारले, झोपेतच. तोवर मी त्यांना फोन करायची. ते पंख्यांची चौकशी करायचे, नवा संचालक पंखे चालू ठेवतो हे ऐकून साला म्हणायचे. पूर्वी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न 'नाम्या काय म्हणते' हा असे. नागपूरहून त्यांनी तो एकदाही विचारला नाही. मीही बाबांचं नाव काढलं नाही. का, तर दुर्ग स्टेशनावर जे झालं त्यामुळे.

आम्ही तिघंही त्यांना पोचवायला गेलो होतो. शीलाताई आत सामान लावत होती. काका डब्याच्या दारात उभे होते, उजव्या हातानं दांडी धरून, डावा खिशात. त्यांनी तो लोखंडी तुकडा सुतळीसकट मला दिला आणि म्हणाले, "सांभाळजो, गंजू नोको देऊ." आईनं दशम्या दिल्या. बाबा मागे उभे होते. शिट्टी झाली तेव्हा ते एकदम पुढे आले.

"सामू, तू हात केले होते. मले दिसले होते."

पण ते काकांच्या उजव्या बाजूला उभे होते. काका त्यांच्याकडे पाहून गोड हसले. ते हसू मला पुरतं ओळखीचं होतं.

"सामू, केले होते बे तू!" बाबा ओरडले. त्याच वेळी वर भोंग्यातून कुठल्या तरी गाडीची सूचना सुरू झाली. काकांनी कानाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. गाडी हलली. बाबा थोडं अंतर तिच्याबरोबर चालले, मग थांबले. प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभे राहून त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले, आणि काकांकडे बघत जोरजोरानं मान हलवत राहिले, हो, हो, म्हणून. एक हमाल त्यांच्या हाताखालून वाकून शिवी देत गेला.

काकांचं हसू गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. आधी त्यांनी बाबांच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि त्यांनी दाराची दुसरी दांडी धरली. दोन्ही हातांनी धरून, वाकून, ते बाबांकडे बघत राहिले. हात हलवला नाही. मग ते वळून आत गेले.

गाडीचा शेवटचा डबा गेला तरी बाबांचे हात तसेच पसरलेले होते. आईनं हाक मारली, तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत. शेवटी मीच जवळ गेले आणि एकेक करून त्यांचे हात खाली केले.